वीस जणांचं तिकीट

दिंडोरी
६ फेब्रुवारी २०२४

मावशी,

फोनवर लिहिलं असतं तर ते तुझ्या कुंदनदादाने आधी वाचलं असतं आणि तुला हाताने खूण करून चार शब्दांत सांगितलं असतं. म्हणून पोस्टाने पाठवते आहे. तुला ऐकू येत नाही याचा मला फायदाच होतो. पूर्ण वाक्यं मी फक्त तुझ्यापाशी लिहिते.

बागेत द्राक्षाचा माल खुडायला सुरुवात झाली. पेठकडची मजुरांची टोळी आली आहे. दिवसभर क्रेट, व्यापाऱ्याची माणसं, चहा. मार्चच्या शेवटी माल संपेल. मग छाटणीपर्यंत बाग विश्रांतीला सोडतात, पाणीही तोडतात. विश्रांती हा शब्द आमच्या घरात फक्त बागेसाठी आहे. त्या दिवसांत मला एका ठिकाणी जायचं आहे.

घाट उतरून मुंबईच्या अलीकडे एक मोठं पार्क आहे. पाण्याचे खेळ आहेत, उलटी होणारी गाडी आहे, भुताचं घर आहे. वेदिकाच्या वर्गातली एक मुलगी जाऊन आली, तेव्हापासून वेदिका आणि रुद्र दुसरं काही बोलत नाहीत. मला त्यातलं काही नको. तिथे एक पाळणा आहे. जत्रेतल्यासारखा उघडा नाही. काचेचे डबे आहेत, एका डब्यात दोन माणसं. वर गेल्यावर थोडा वेळ थांबवतात, लोकांना फोटो काढता यावेत म्हणून.

त्या डब्यात मला वेदिकाच्या पप्पांशी बोलायचं आहे. हसू नकोस. लग्नाला तेरा वर्षं झाली, पण या घरात आम्ही दोघंच असू अशी जागा नाही. रात्री त्याच खोलीत मुलं आणि सासूबाई असतात. दिवसा बागेत टोळी. मोटरसायकलवर मागे बसून काही म्हटलं तर ते वाऱ्यावर जातं. मी बोलायला लागले की हे म्हणतात, "थांब जरा." मी थांबते, तोवर कोणीतरी येतं. डब्यातून त्यांना उतरता येणार नाही.

बोलायचं एवढंच आहे की वेदिका जूनमध्ये सातवीत जाईल, आता तरी नाशिकला खोली घेऊन आपण चौघांनी राहावं. बागेत रोज येता येईल, पाऊण तासाचा रस्ता आहे. मागे एकदा मी विषय काढला होता तेव्हा हे म्हणाले होते, "आईला नाय चालणार." आईला चालणार नाही हे मला माहीतच आहे. त्यांना स्वतःला काय वाटतं ते मला अजून माहीत नाही. तेवढं एकदा ऐकायचं आहे.

खर्च बसेल असं जमवते आहे. आठवड्याच्या मधल्या वारी तिकीट कमी असतं. सकाळी निघून रात्री परत आलं तर मुक्कामाचा प्रश्न नाही. कोणाला सांगू नकोस.

भाग्यश्री


देवळा
१७ फेब्रुवारी

भागी,

नको म्हणालीस तरी हसले. सून विचारत होती, पत्रात काय विनोद आहे. मी म्हटलं, आमची भागी नवऱ्याशी बोलायला त्याला आभाळात नेते आहे. नाही, सांगितलं नाही. नुसतं मनात म्हटलं.

तुझे काका आणि मी ताटावर बसूनच बोललो. तेही मीठ जास्त की कमी, एवढंच. माझे कान गेले तेव्हा त्यांना बरंच वाटलं असावं. पण काका वारल्यावर मला कळलं की त्या मिठाच्या बोलण्यात बरंच काही बसत होतं. असो.

एक विचारते. नवऱ्याला विचारायला तू एवढी योजना करतेस, सासूला सरळ विचारलंस का? माझं आपलं असं आहे की ऐकू येत नाही म्हणून मी माणसांची तोंडं बघत बसते. तुझ्या लग्नात कुसाबाईंचं तोंड बघितलं होतं. बाई तापट आहे. मनात एक आणि तोंडात एक असं मला दिसलं नाही. जावयांचं तोंड मला तेव्हा नीट वाचता आलं नव्हतं. ते सारखं खाली होतं. नवरदेव लाजतात, असं मी धरून चालले.

उन्हाळ कांदा अजून रानात आहे. मी कुठे गेले नाही, जाणार नाही. गेल्या वर्षी सप्तशृंगीला नेलं तेवढंच. तू जाऊन ये आणि मला सगळं लिही. ती उलटी होणारी गाडी कशी असते तेही.

मावशी


दिंडोरी
३ मार्च

मावशी,

बेत फिसकटला. मोडला नाही, मोठा झाला.

मी वेदिकाच्या पप्पांना विहिरीजवळ गाठून सांगितलं होतं. आपण चौघं, एक दिवस, बुधवारी. बेत सांगितला, खोलीचं काही बोलले नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. दोन दिवसांनी सगळे जेवायला बसलेले असताना हेच म्हणाले, "त्या पार्काचं तिकीट लय हाय. पण वीस जणांचा ग्रुप असला तर माणशी निम्म्यावर येतं."

दिनेश भाऊजी म्हणाले, "वीस? मग टोळीच नेऊ की. जाता जाता त्यांचा पाळणा छाटून देतील."

सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "हसता काय. कोणकोण जायचं ते बोला. मी बी येते. दर वेळी मला काय राखणीला ठेवता?"

मी म्हटलं, "आई, तिथे फार चालावं लागतं."

"मग बागेत काय मी पालखीत बसून फिरते?"

जेवण संपेपर्यंत भाऊजी, जाऊबाई, त्यांचा स्वराज आणि आरोही, चुलत सासऱ्यांचं सगळं घर आणि शेजारचे तिघं धरून अठरा झाले. मी भांडी उचलताना हळूच म्हटलं की बुधवारी चौघांचंही फार होत नाही, मी हिशोब केला आहे. हे म्हणाले, "चौघांनी जाऊन काय मजा?" मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सासूबाईंकडे पाहत होते. बोलतात हे, पण शब्द त्यांच्या आईचे असतात, असं मला पुष्कळदा वाटतं. वीसचा आकडाही सासूबाईंनीच यांच्या कानात घातला असणार. मी चौघं म्हटलं, तिथेच त्यांना वास आला असेल.

स्वस्त पडावं म्हणून माणसं वाढवायची. माणसं वाढली की ज्या घरातून एक दिवस बाहेर पडायचं होतं तेच घर गाडीत बसून सोबत निघतं. ट्रॅव्हलर ठरवली आहे. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून गाड्या लावतात तिथे सतरंजी टाकून जेवायचं ठरलं. दशम्या, लसणाची चटणी, दही. करणार कोण, यावर चर्चा झाली नाही.

तू म्हणतेस सासूबाईंना सरळ विचार. मावशी, तू त्यांना लग्नात एक दिवस पाहिलंस. वेदिका चौथीत गेली त्या वर्षापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. का ते सांगत नाहीत. माझ्याकडे असं बघतात, जसं मी त्यांच्या घरातलं काही फोडलं आहे.

तरी पाळणा आहेच. वीस काय, पन्नास आले तरी डब्यात दोनच बसतात.

भाग्यश्री


देवळा
१२ मार्च

भागी,

तुला आनंदाची गोष्ट सांगते. काल जावई आले होते, सोमनाथराव. द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन आले. एवढ्या वर्षांत एकटे पहिल्यांदाच आले. मी ओट्यावर कांद्याची पात निवडत होते. मी पाटी पुढे केली, आमच्याकडे माझ्याशी बोलायला नातवाची पाटी ठेवतात. त्यांनी लिहिलं, "दोन कमी पडतात. तुम्ही आणि कुंदन चला." अक्षर चांगलं आहे.

मी तोंडाने विचारलं, भागीने पाठवलं का? त्यांनी मान हलवली, नाही. म्हटलं, मग कुसाबाईंनी? पुन्हा नाही. पाटी पुसून लिहिलं, "मीच आलो. भाग्यश्रीला बरं वाटेल."

चहा घेतला. नाश्त्याला थांबले नाहीत. कुंदन म्हणाला, जावई माणूस सोन्यासारखा आहे, कोण आपल्या बायकोच्या मावशीला एवढं विचारतं. ते खरं आहे.

कांदा काढणी तोंडावर आहे पण कुंदन एक दिवस काढतो म्हणाला. मी नवीन चप्पल आणली. जुनीने घसरायला होतं.

आता खरं लिही. तुझं काम निराळं आहे. माझ्या येण्याने त्यात अडचण होणार असेल तर मी पोट बिघडलं म्हणून सांगेन. माझ्या वयात पोट कोणी तपासत नाही.

मावशी


दिंडोरी
१९ मार्च

मावशी,

तू ये. चप्पल आणलीस ना.

हे तुझ्याकडे गेले होते ते मला तुझ्या पत्रातून कळलं. सासूबाईंनीच पाठवलं असणार आणि नाव घेऊ नको असं बजावलं असणार. वीस पुरे करायचे होते.

मी वेदिकाला सांगून ठेवलं आहे. पाळण्यापाशी गेलो की तिने रुद्रचा हात धरून तुझ्याजवळ उभं राहायचं. तिने का म्हणून विचारलं नाही. हल्ली ती का विचारत नाही, मला त्याचंही वाईट वाटतं.

शेवटची गाडी परवा भरली. टोळी छाटणीला परत येईल. बाग मोकळी आहे. आम्ही ३ एप्रिलला, बुधवारी, पहाटे निघू. तुम्ही आदल्या संध्याकाळी या.

भाग्यश्री


देवळा
८ एप्रिल

भागी,

चार दिवस वाट पाहिली, तू काही कळवलं नाहीस. म्हणून मीच लिहिते.

मला फार आवडलं. पाण्यापाशी साडीवाल्यांना सोडत नाहीत हे चांगलं झालं, नाहीतर कोणी ओढलं असतं. पाण्यात उतरायला भाड्याने देतात तो झगा कुसाबाईंनी दोन बोटांत धरून परत केला, तेव्हा तो देणाऱ्या पोऱ्याचं तोंड मी घरी आल्यावर सुनेला करून दाखवलं. मी काठावर पाय सोडून बसले. सगळे ओरडत होते आणि मला शांत. ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. उलटी होणारी गाडी मी खालून पाहिली. माणसं खाली उतरल्यावर आधी केस नीट करतात.

आता दुसरं.

पाळण्याच्या रांगेत मी बाहेर कठड्याला टेकून उभी होते, मुलं माझ्याजवळ. तू पुढे, तुझ्यामागे जावई, त्यांच्यामागे कुसाबाई. तुमचा डबा आला. तू आत बसलीस आणि वळलीस तर शेजारी सासू. तुझा चेहरा मी पाहिला. तुला वाटलं, ती घुसली.

मी सगळं पाहत होते. माझं दुसरं काम काय असतं. डबा आला तसे जावई एक पाऊल मागे सरले. त्यांनी आईच्या पाठीला हात लावला आणि तिला पुढे केलं. ती नको नको म्हणत होती, तिने दाराचा गज धरला होता. त्यांनी तो हात सोडवला. हसत हसत, पण सोडवला. मग कुसाबाईंची पिशवी घेतली आणि ते रांगेतून बाहेर आले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी रुद्रच्या बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती.

तुमचा डबा वर थांबला तेव्हा मी कपाळावर हात धरून बघत होते. तुम्ही दोघी बोलत होतात. काय ते इतक्या लांबून कोणाला कळणार. खाली आल्यावर तू जेवली नाहीस. दशमी हातात घेऊन बसलीस आणि मग रुद्रच्या ताटात ठेवलीस. परतीच्या वाटेवर कुसाबाई तुझ्या शेजारी बसल्या होत्या. जाताना त्या पुढे बसल्या होत्या.

काय झालं ते लिही. मी जावयांना सोन्यासारखा माणूस म्हटलं ते कुंदनचे शब्द होते. मी नुसते कागदावर उतरवले.

मावशी


दिंडोरी
१७ एप्रिल

मावशी,

छाटणी सुरू झाली. म्हणून उशीर.

डबा हलला तशा सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले आणि माझा दंड धरला. मला इतका राग आला होता की त्यांच्या मुलासाठी पाठ केलेलं वाक्य मी त्यांनाच म्हटलं. "आई, आम्हाला नाशिकला राहायला जायचंय. आम्ही चौघंच."

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "मग जा ना."

मला टोमणा वाटला. म्हटलं, "तुम्ही जाऊ द्याल?"

"मी कोण अडवणार? वेदी चौथीत जायची होती तवाच मी सोमनाथला म्हणले, पोरीला नाशिकला घाल, तुम्ही ऱ्हा तिकडं, इकडं मी न दिनेश हाये. नाशकात म्हसरूळला जाऊन खोली बी पाहून आले दिनेशसंगं. दोन खिडक्या होत्या, खाली नळ होता. त्यानं सांगितलं, तिलाच नको हाय. तिला घर सोडवत नाय म्हणे." माझा दंड तसाच धरून म्हणाल्या, "लय राग आलता मला तुझा. म्हणलं, पोरीच्या शाळेसाठी हिला एवढं होईना. तवापासून तुझ्याशी बोलावंच वाटंना."

मी म्हटलं, "मला कोणी विचारलंच नाही."

तेव्हा त्यांनी डोळे उघडले. डबा वर थांबला होता. त्यांनी खाली पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग पार्काचं वीसचं खूळ तरी तुझंच ना? सोमनाथ म्हणला, भाग्यश्रीला सगळ्यांना न्यायचंय."

मी नाही म्हटलं. डबा खाली यायला लागला. त्यांचा हात माझ्या दंडावरच होता. तो आधी भीतीने धरलेला होता. नंतर कशाने, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मला वाटलं होतं, आता त्या बोलतील, त्यांच्या मुलाला धारेवर धरतील. त्या बोलल्या नाहीत. एवढंच केलं की दुसऱ्या दिवशी आपलं अंथरूण उचललं आणि दिनेश भाऊजींच्या खोलीपुढच्या पडवीत नेलं. म्हणाल्या, आत उकडतं. आता रात्री आमच्या खोलीत आम्ही दोघं आणि झोपलेली मुलं असतो. हे उशिरा येतात. मोटर बघून येतो म्हणतात. छाटणी उरकेपर्यंत मोटरला काम नसतं.

परवा मी दुपारचा चहा घेऊन बागेत गेले. टोळी पलीकडच्या टोकाला होती, कात्र्यांचा आवाज तेवढा येत होता. हे ट्रॅक्टरपाशी एकटे होते, फवाऱ्याचं नोझल साफ करत होते. मी कप ठेवला आणि उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही आईंना सांगितलं होतं, मला नाशिक नको म्हणून?"

त्यांनी कधी, कुठे, कोण म्हणालं, असं काही विचारलं नाही. म्हणाले, "हो."

"आणि मला सांगितलं, आईंना चालणार नाही."

"हो."

"मावशीला बोलवायलाही तुम्हीच गेलात."

नोझलमधून त्यांनी तार आरपार घातली, उजेडाकडे धरून पाहिलं. मी वाट पाहिली. या वेळी कोणी आलं नाही. ते इकडेतिकडे पाहत होते, मावशी, आणि खरंच कोणी येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "तिथं संध्याकाळचं आपण दोघंच असणार. पोरं अभ्यासाला बसली की. मग काय बोलायचं?"

ते चिडले नव्हते. टाळतही नव्हते. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं आणि ते मला विचारत होते. तेरा वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न असेल, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून नव्हतं.

मी उत्तर शोधलं. म्हसरूळची खोली डोळ्यांपुढे आणली, दोन खिडक्यांची. संध्याकाळ आणली. मुलं आतल्या बाजूला अभ्यासाला बसवली. मग आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं आणि मी काय म्हणते आहे ते ऐकू लागले. काही ऐकू येईना. त्यांच्याशी बोलायचं म्हणून मी जे जे इतकी वर्षं जपून ठेवलं आहे, ते सगळं वेगळं राहण्याबद्दलच आहे. ते एकदा मिळालं की मग माझ्याजवळ त्यांना सांगायला काही उरत नाही. त्यांना द्राक्षाशिवाय दुसरं काय आवडतं ते मला माहीत नाही. मला काय आवडतं ते त्यांनी विचारलं असतं तर मी पाळणा म्हटलं असतं, आणि तेही खरं नसतं.

त्यांनी चहा पिऊन कप माझ्या हातात दिला. नोझल बसवलं. ट्रॅक्टरवर चढले.

मी म्हटलं, "पहिले काही दिवस गप्प बसू."

तोवर त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला होता. ऐकू गेलं की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. तू असतीस तर तुला कळलं असतं. ते वेलींच्या ओळीत शिरले. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

भाग्यश्री